गाडी रेस घेते पण ओढत नाही? इंजिन खोलायला देण्याआधी हे वाचा

मागच्या जुलैत माझे 7,800 रुपये गेले. पावसाळा तोंडावर आहे, आणि ठाण्यात स्कूटर चालवणाऱ्या प्रत्येकीला असलं पाणी कधी ना कधी लागतंच, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

नौपाड्यातून कामावरून निघाले तेव्हा वंदना टॉकीजजवळ पोटरीपर्यंत पाणी होतं. एका रिक्षाच्या मागे मागे गाडी घातली आणि बाहेरही आले. पण नंतर सिग्नल सुटल्यावर रेस दिली तर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलेना. 110 सीसीची स्कूटर, 31,000 किलोमीटर झालेले, तोवर कधी त्रास नाही. पाऊस कोसळत होता, घरी मुलगी एकटी होती. दिसलं त्या गॅरेजात ढकलत नेली.

मेकॅनिकने बटण दाबलं आणि गाडी लगेच चालू झाली. हे लक्षात ठेवा, कारण सगळी मेख इथेच आहे.

"ताई, इंजिनात पाणी गेलंय. कॉम्प्रेशन बसलं. हाफ इंजिन करावं लागेल." म्हणजे इंजिनातला दाब गेला, वरचा भाग खोलून पिस्टन-रिंगा बदलाव्या लागतील.

"अहो दादा, पण चालू तर आहे!"

"आत्ता आहे. उद्या सीझ झाली की फुल इंजिन, पंधरा हजार."

मी घाबरले. गाडी तिथेच ठेवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्याने कापलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमधलं ऑइल दाखवलं. दुधाळ, थेट टपरीवरच्या चहाच्या रंगाचं. "हे बघा तुमच्या गाडीतून काय निघालं." इंजिन ऑइलमध्ये पाणी मिसळलं की ते खरंच असं दिसतं, म्हणून माझा विश्वास बसला. पण ते ऑइल माझ्या गाडीतून निघताना मी पाहिलं होतं का? नाही. तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली, छान पळत होती. चिठ्ठीवर पिस्टन-रिंग, गास्केट, बेल्ट, ऑइल, मजुरी. ना गाडीचा नंबर, ना किलोमीटर, ना दुकानाचा शिक्का. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारात गेले.

सप्टेंबरात गाडी उचलताना थरथरायला लागली. या वेळी भावाच्या ओळखीच्या एका काकांकडे, कोपरीला गेले. त्यांनी आधी विचारलं, "रिंगा बदलल्यावर पहिले पाचशे किलोमीटर हळू चालव, असं सांगितलं होतं का त्याने?" नव्हतं सांगितलं. मग त्यांनी पंख्याच्या बाजूचं कव्हर काढलं, टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बघ पोरी, हेडचे बोल्ट." हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. बोल्टांवर तेल आणि धुळीचा काळा थर दगडासारखा घट्ट बसला होता. पाना लागला की हा थर फुटतो, बोल्टाच्या कडा चकाकतात. माझ्या गाडीचे बोल्ट कुणी वर्षानुवर्षं हलवलेच नव्हते. ते खोलल्याशिवाय पिस्टनपर्यंत पोचणार कुठून?

मग डाव्या बाजूचं लांब कव्हर उघडलं. नव्या बेल्टचे पैसे घेतले होते, आत जुनाच होता. वरची अक्षरं पुसलेली, दातांच्या खाचांमध्ये केसाएवढे तडे. माझ्या गाडीच्या पुस्तकात बेल्ट 24,000 किलोमीटरला बदला असं छापलंय. मी ते पुस्तक कधी उघडलं नव्हतं.

त्या दिवशी नेमकं काय झालं होतं, ते काकांनी समजावलं. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिनाचा जोर रबरी बेल्टने मागे जातो. पुढे व्हेरिएटर (वेगाप्रमाणे लहान-मोठी होणारी पुली), मागे क्लच, मध्ये बेल्ट. त्या कव्हरमध्ये पाणी शिरलं की बेल्ट पुलीवर घसरतो. इंजिन फिरतं, चाक फिरत नाही. कव्हर खोलून सगळं पुसून वाळवायचं, बस्स. माझी गाडी तीन दिवसांत आपोआप वाळली असावी आणि मी त्याला 7,800 रुपये देऊन आले!

पाण्यातून गाडी बंद पडून बाहेर आली असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पुन्हापुन्हा स्टार्टर मारू नका, एअर फिल्टरमधून पाणी आत गेलेलं असू शकतं. पण इंजिन सुरळीत चालू आहे आणि फक्त ओढत नाही, तर आधी बेल्टचं कव्हर उघडायला सांगा. आणि ऑइल कॅनमधलं बघू नका, आपल्या गाडीची डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) आपल्या हाताने काढून पांढऱ्या फडक्यावर पुसा. ऑइल दुधाळ असेल तर तिथेही दिसेलच. चिठ्ठीवरचा ऑइलचा आकडाही तपासा. माझ्या चिठ्ठीवर दीड लिटर लिहिलं होतं, या इंजिनात लिटरभरसुद्धा मावत नाही.

मी त्या गॅरेजात परत गेले. बोल्टांचे फोटो दाखवले. तो म्हणाला, "ही चिठ्ठी आमची कशावरून?" 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण माझ्या हातात पक्कं बिल नाही आणि पैसेही रोख दिलेले. निदान यूपीआयने दिले असते तर नोंद राहिली असती. पंधरा हजारांच्या भीतीने मी एक फोनसुद्धा कुणाला केला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. भाऊ दहा मिनिटांवर राहतो.

काकांनी नवा बेल्ट माझ्यासमोर पाकिटातून काढला, बसवला, बिलावर गाडीचा नंबर आणि किलोमीटर लिहिले. जुना बेल्ट मी मागायच्या आधीच वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवून दिला होता.