स्प्लेंडरचा लोकल कार्बोरेटर: बसतो झकास, ओ-रिंग मात्र दुसरी घाला

बाबांची स्प्लेंडर जुनी, म्हणजे २०२० मध्ये बीएस-सिक्स (प्रदूषणाचे नवे नियम) आणि कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आलं त्याच्या बरीच आधीची. कार्बोरेटरमधली स्लाइड (रेस दिली की वर-खाली होणारा दट्ट्या) इतकी घासली होती की स्लो सेटिंग, म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहण्याचं, टिकेचना. म्हणून हा बिनकंपनीचा माल ऑनलाइन मागवला. कास्टिंग साफ आहे, बोल्टची भोकं तंतोतंत जुळली.

काम घरी होण्यासारखं आहे. पेट्रोलचा कॉक बंद, खालचा स्क्रू सैल करून कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढायचं, दहाच्या पान्याने दोन्ही बोल्ट खोलायचे, एअर फिल्टरच्या रबराची क्लिप ढिली करायची. वरचं झाकण फिरवलं की केबलसकट स्लाइड बाहेर. परत घालताना स्लाइडची खाच बॉडीतल्या पिनवर बसलीच पाहिजे. नाहीतर रेस अडकते आणि किक मारल्याबरोबर गाडी अशी बोंबलते की शेजारी गॅलरीत येतात!

वैताग दिला तो सोबतच्या ओ-रिंगने, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडतो त्या सांध्यातल्या गोल रबरी रिंगने. पातळ, कडक रबर. तिथून हवा ओढून न्यूट्रलला रेस आपोआप वर-खाली. स्पेअरवाल्याकडून चांगली रिंग आणली, इंजिन गरम करून एअर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) नीट सेट केला, आता सिग्नलला बंद पडत नाही. ॲव्हरेजचं टाकी संपल्यावर लिहितो. तूर्तास तीन स्टार.