केळीचं प्रोटीन की मिरचीचं? क्रिस्टलोग्राफी आणि क्रायो-ईएम यांत अडकलेल्यांसाठी

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री किंवा एम.फार्म. झालं, प्रोटीनच्या रचनेवरच पीएच.डी. करायची हेही ठरलं, आणि गाडी 'क्रिस्टल की क्रायो' या फाट्यावर अडली, अशी मुलं अधूनमधून माझ्याकडे येतात. क्रिस्टल म्हणजे प्रोटीनचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण टाकून रचना काढणं (क्रिस्टलोग्राफी); क्रायो म्हणजे प्रोटीन बर्फात गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने बघणं (क्रायो-ईएम). कुणी शिरपूरचं, कुणी जळगावचं, मध्येच एखादं नवापूरकडचं. त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथे लिहितोय. ब्रॅगचं समीकरण, इलेक्ट्रॉनची तरंगलांबी, कुठला डिटेक्टर किती भारी, यात शिरत नाही. ते तुम्हाला येतं असं धरतो. मी पीएच.डी.त दोन्हीकडे हात घातला आणि शेवटी क्रिस्टलवाल्यांत राहिलो, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पूर्वपुण्याईवर निकाल लावायचा तर प्रश्नच उरत नाही, क्रिस्टलच. पेनिसिलिन, बी-12 आणि मग 1969 मध्ये इन्सुलिन यांच्या रचना क्ष-किरणांनी काढणं, ही ब्रिटिश शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांची कामगिरी. इन्सुलिनच्या त्या ऑक्सफर्डच्या गटात आपले एम. विजयन होते, ज्यांनी पुढे बंगळुरूला येऊन प्रोटीन क्रिस्टलोग्राफी या देशात रुजवली. 1971 मध्ये प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रोटीनच्या रचनांचा सार्वजनिक साठा, सुरू झाली तेव्हा तीत 7 रचना होत्या. आज दोन लाखांच्या वर आहेत, आणि त्यातल्या बहुतेक अजूनही क्ष-किरणांनी मिळालेल्या. पण वारं फिरलंय हेही खरं. 2017 चं रसायनशास्त्राचं नोबेल क्रायो-ईएमला मिळालं. वेंकी रामकृष्णन यांना 2009 चं नोबेल रायबोसोमच्या (पेशीत प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राच्या) क्रिस्टलसाठी मिळालं होतं, तेसुद्धा नंतर क्रायोकडे वळले. आमच्या पंथाला ही गोष्ट जरा टोचते, पण ते वळले ते योग्य कारणासाठी. रायबोसोमसारखं अवाढव्य यंत्र क्रिस्टल न करता पाहता येत असेल तर तो खटाटोप कोण करेल?

आता आपल्याकडचीच दोन उदाहरणं घेऊ. रावेर-यावलची केळी आणि नंदुरबारची मिरची.

पिकलेल्या केळीच्या गरात एक लेक्टिन, म्हणजे साखरेला चिकटणारं प्रोटीन, असतं, बॅनलेक. ते मॅनोज साखरेला चिकटतं, आणि एचआयव्हीसारख्या विषाणूंच्या आवरणावर मॅनोज भरपूर असतं, म्हणून औषधवाल्यांचं त्याच्यावर लक्ष. त्याची क्रिस्टल रचना 2005 च्या सुमारास आली. त्यात विजयन यांच्या गटाचंही काम आहे. रचनेतून दिसलं की प्रोटीनच्या प्रत्येक साखळीत साखर बसायच्या दोन जागा आहेत. अडचण अशी की हे लेक्टिन विषाणूला अडवतं आणि त्याच वेळी आपल्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींनाही भडकवतं. 2015 मध्ये एका गटाने त्यातलं 84 व्या जागेवरचं हिस्टिडिन काढून तिथे थ्रिओनिन बसवलं. भडकवणं बऱ्यापैकी थांबलं, विषाणू अडवणं टिकलं. इतकी बारीक फेरफार का चालली, हे कळायला अणू आणि अणू जागेवर दिसावा लागतो. औषध अजून बाजारात आलेलं नाही, पण औषध घडवताना रचना नेमकी कुठे उपयोगी पडते ते दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. आणि ते आपल्या केळीचं आहे, याचा थोडा अभिमानही आहेच.

मिरचीचं उलटं. तिखट लागतं ते पेशीच्या पडद्यात रुतलेल्या टीआरपीव्ही1 या दरवाजासारख्या प्रोटीनमुळे. पडद्यातली असली प्रोटीनं क्रिस्टलला सहजासहजी दाद देत नाहीत; साबणात विरघळवून ठेवावी लागतात आणि एका ओळीत उभी राहायचं नाव घेत नाहीत. 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस आणि यिफान चेंग यांच्या गटांनी क्रायो-ईएमने त्याची रचना 3.4 अँगस्ट्रॉमपर्यंत काढली (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग; आकडा जितका लहान तितकी रचना स्पष्ट), आणि तिथून क्रायोला दिवस आले. वेदनाशामकांवर काम करणाऱ्यांना हा केवढा खजिना आहे ते सांगायला नको.

म्हणजे पहिला निकष सोपा आहे. तुमचं प्रोटीन मोठं, लवचिक किंवा पडद्यातलं असेल तर क्रायो. लहान, आटोपशीर, पाण्यात विरघळणारं असेल तर क्रिस्टल. बॅनलेकची एक साखळी जेमतेम 15 किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचं माप), जोडी धरली तरी 30. एवढं लहान प्रोटीन बर्फात शोधणं आजही जिकिरीचं. 64 किलोडाल्टनचं हिमोग्लोबिन 2017 मध्ये क्रायोने 3.2 अँगस्ट्रॉमला दिसलं तेव्हा त्याचं कौतुक झालं होतं, आणि आता त्याहून लहानही जमतात. तरी औषधाचा रेणू खाचेत नेमका कसा बसलाय, त्याच्या शेजारी पाण्याचा रेणू आहे की नाही, हे बघायचं असेल तर 1.5 अँगस्ट्रॉमच्या क्रिस्टलची सर क्रायोच्या नकाशाला सहसा येत नाही. निदान माझ्या अनुभवात तरी आलेली नाही.

पण खरं सांगायचं तर माझा निर्णय या निकषावर झाला नाही. तो बर्फावर झाला.

क्रायोमध्ये तुम्ही तीनेक मायक्रोलिटर नमुना एका जाळीदार ग्रिडवर ठेवता, टिपकागदाने टिपता आणि क्षणात लिक्विड इथेनमध्ये बुडवता. बर्फ पातळ आणि काचेसारखा व्हायला हवा. तो जाड झाला, त्यात स्फटिक झाले, प्रोटीन सगळं पृष्ठभागावर जाऊन विस्कटलं, किंवा सगळे कण एकाच कुशीवर झोपले, तर ग्रिड फुकट. यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही. ते कळतं थेट मायक्रोस्कोपवर, आणि तो मायक्रोस्कोप तुमचा नसतो. तो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संस्थेत, कोट्यवधींचा, रांग लावून मिळणारा. मी जिथे जायचो तिथली माणसं भली होती, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण आठवडेच्या आठवडे स्लॉटची वाट पाहायची, रात्रीचा प्रवास करायचा, आणि सकाळी ऑपरेटरने चहा संपायच्या आत सांगायचं, 'सर, आईस थिक आहे.' झालं. परत प्रोटीन बनवा, परत रांग. काय चुकलं ते विचारावं तर ठोस उत्तर नसतं: टिपण्याची वेळ अर्धा सेकंद कमी-जास्त करा, ग्रिडची दुसरी बॅच वापरून बघा, डिटर्जंट थोडा टाका. आपला नमुना बरा की वाईट, एवढं समजायलाही परक्याच्या दारात जायचं, हे मला काही केल्या पचलं नाही.

क्रिस्टलमध्ये निराशा कमी आहे असं मुळीच नाही. उलट जास्तच. पण ती आपल्या टेबलावर होते. कव्हर स्लिपवर एक मायक्रोलिटर प्रोटीन, एक मायक्रोलिटर द्रावण, कडेला ग्रीस, उलटं करून खाचेवर बसवायचं, आणि रोज सकाळी साध्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ट्रे बघायचा. थेंब स्वच्छ आहे, तपकिरी गाळ झालाय, की कोपऱ्यात काही चमकतंय. चमकलं तर बारीक सुईने हलकेच दाबून बघायचं: मीठ असेल तर कटकन वाजल्यासारखं तुटतं, प्रोटीन असेल तर मऊपणे भुगा होतो. हो, त्यात तो क्रिस्टल जातो, म्हणून दोन असतील तेव्हाच हा प्रयोग करावा. पण उत्तर तिथल्या तिथे मिळतं. घरी कुणी 'तू तठे काय करस रे भाऊ?' विचारलं तर मोबाईलवर क्रिस्टलचा फोटो दाखवता येतो, हा वरचा फायदा. करड्या ठिपक्यांचा क्रायोचा फोटो दाखवून बघा आईला.

क्रिस्टलची खोडही सांगायला हवी. महिनोन्महिने काहीच येत नाही, आणि का येत नाही ते कुणालाच सांगता येत नाही. आलेला देखणा क्रिस्टल क्ष-किरणांत ठेवला की कधी कधी तो किरण ढिम्म विखुरत नाही, म्हणजे मोजायला काही मिळत नाही. क्रिस्टल व्हावा म्हणून प्रोटीनची लोंबती टोकं कापावी लागतात, आणि कधी नेमकं कापलेलं टोकच कामाचं निघतं. आणि आपला उन्हाळा! पारा 45 च्या आसपास असताना वीज गेली आणि 18 अंशांवरच्या इनक्युबेटरला इन्व्हर्टर नसला, की ट्रेमधले क्रिस्टल विरघळतात किंवा तडकतात. इन्व्हर्टरसाठी आधी भांडा, ट्रे नंतर लावा.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करायचं म्हणणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या मुलांच्या घरात हा आजार असतो, म्हणून त्यांची ओढ मी समजू शकतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या 6 व्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन सुटल्यावर ते शेजारच्या रेणूच्या खाचेत, फिनाइलअॅलानिन 85 आणि ल्युसिन 88 यांच्यामध्ये, जाऊन बसतं. हे क्रिस्टलनेच दाखवलं. पण त्यातून तयार होणारा दोरा 14 पदरी असतो हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दिसलं. इथे दोन्ही लागतात. व्हॉक्सेलोटर हे हिमोग्लोबिनला चिकटणारं औषध अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झालं आणि 2024 मध्ये कंपनीने ते बाजारातून मागे घेतलं, तेव्हा रचना हाती आली म्हणजे औषध हाती आलं असं समजू नये.

आता भूगोल. क्रायोसाठी आपल्याला बहुधा बंगळुरू गाठावं लागतं. क्रिस्टलसाठी सातपुडा ओलांडला की इंदूर. तिथल्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र, आहे आणि त्यावर प्रोटीन क्रिस्टलसाठी वेगळी बीमलाइन (किरण वापरायची जागा) आहे, पीएक्स-बीएल 21. प्रस्ताव पाठवून वेळ मागता येतो. युरोपातल्या सिंक्रोट्रॉनइतकी ती झटपट नाही, पण शिरपूरहून आग्रा रोडला लागलं की पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा करत त्याच दिवशी पोचता. क्रिस्टल गोठवून न्यायला लिक्विड नायट्रोजनचा डबा लागतो. आपल्याकडे तसला डबा दिसला की लोक विचारतात, 'गायींच्या डॉक्टरांकडे निघालात का?' कारण रेतमात्रा ठेवायला तोच वापरतात. मी हसून हो म्हणतो.

फार्मसीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती नोकरीची आहे. क्रिस्टलचं काम प्रोटीनपुरतं नाही. रिटोनाविर हे एचआयव्हीचं औषध 1996 मध्ये बाजारात आलं आणि 1998 मध्ये त्याचा एक वेगळाच, कमी विरघळणारा क्रिस्टल प्रकार तयार व्हायला लागला. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. तेव्हापासून गोळीतलं औषध कुठल्या स्फटिकरूपात आहे हे औषध कंपन्या डोळ्यांत तेल घालून बघतात. पावडर एक्सआरडीचा (भुकटीवर क्ष-किरण टाकून स्फटिकरूप ओळखायच्या चाचणीचा) आलेख वाचता येणाऱ्याला अंकलेश्वर किंवा पीथमपूरकडे दार उघडं असतं. क्रायो शिकलेल्याला तेवढ्या जवळ तसं दार मला तरी दिसलेलं नाही.

प्रोटीनची रचना संगणकावर ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रोग्रॅममुळे हे दोन्ही बाद होणार का, हेही विचारतात. 2024 चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्याच्या कर्त्यांना मिळालं, मॉडेल छान येतात, आणि आम्हा क्रिस्टलवाल्यांचा फेजचा जुना घोळ (क्ष-किरणांच्या मोजमापात हरवणारी माहिती परत मिळवायचा प्रश्न) त्या मॉडेलमुळे बराच सोपा झालाय. पण नवा रेणू खाचेत खरंच कसा बसला याची खात्री अजून प्रयोगानेच होते.

ठरवण्याआधी एक करा. लायसोझाइमची पावडर आणा, पीएच 4.6 च्या आसपासचं अॅसिटेट बफर आणि साधं मीठ घेऊन आपल्या कॉलेजच्याच प्रयोगशाळेत ट्रे लावा. एक-दोन दिवसांत काचेच्या खड्यांसारखे क्रिस्टल येतात. ते बघायला तुम्ही पुन्हा पुन्हा मायक्रोस्कोपकडे जात असाल, तर इंदूरच्या प्रस्तावाच्या तारखा बघून ठेवा. आणि डोक्यात टीआरपीव्ही1 सारखंच काही बसलं असेल, तर माझं ऐकू नका, बंगळुरूला अर्ज करा. फक्त मुलाखतीत गाईडला विचारून घ्या की ग्रिड तपासायला लहान मायक्रोस्कोप त्यांच्या स्वतःच्या इमारतीत आहे का.