शॉर्टवेव्ह दिवा आणि सावद्याचे पॉवेलाईट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीनंतर मी २५४ नॅनोमीटरचा, हातात धरायचा शॉर्टवेव्ह (म्हणजे आखूड तरंगलांबीचा अतिनील किंवा ‘यूव्ही’ प्रकाश देणारा) दिवा विकत घेतला तो केवळ पॉवेलाईट या खनिजासाठी. जळगाव जिल्ह्याच्या सावदा-फैजपूर भागातील बेसाल्टच्या खाणींत, खडकातल्या पोकळ्यांमध्ये, स्टिल्बाईट आणि अपोफिलाईट ही खनिजे भरपूर मिळतात. तेथील मजूर या सगळ्याला सरसकट गारगोटीच म्हणतात. त्याच पोकळ्यांमध्ये क्वचित एखादा मधासारखा पिवळट, काही मिलिमीटरचा पॉवेलाईटचा स्फटिक बसलेला असतो आणि तो इतर पिवळट स्फटिकांत सहज हरवून जातो. पॉवेलाईट हे कॅल्शियम मॉलिब्डेट असून १८९१ मध्ये त्याला अमेरिकन भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांचे नाव देण्यात आले.

त्याआधी एका विक्रेत्याने ‘खनिजे तपासण्याची टॉर्च’ म्हणून माझ्या गळ्यात ३९५ नॅनोमीटरची जांभळ्या प्रकाशाची टॉर्च मारली होती. तिने मला एकही पॉवेलाईट दाखवले नाही. दगडांच्या ढिगाऱ्यातले तीन हिरवट चमकणारे विंचू मात्र दाखवले, आणि तेवढ्यापुरती ती अजूनही पिशवीत असते. पॉवेलाईट ठळकपणे उजळते ते शॉर्टवेव्हखाली, त्यामुळे जाहिरातीत नुसते ‘यूव्ही’ लिहिलेले असेल तर तरंगलांबी विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नवा दिवा चार पेन्सिल सेलवर चालतो. त्याचा प्रकाश अंधारातच उपयोगी पडतो, परंतु रात्री खाणीच्या उभ्या कड्याखाली फिरणे मला शहाणपणाचे वाटत नाही. म्हणून मालकाची परवानगी घेऊन, सुरुंगाचे काम नसेल त्या दिवशी, बाजूला टाकलेल्या दगडांपाशी बसायचे आणि डोक्यावरून घोंगडी घेऊन तपासायचे, अशी पद्धत मी बसवली. मे महिन्यात जळगावच्या उन्हात घोंगडीखाली पाच मिनिटे काढणे म्हणजे काय, हे खानदेशी वाचकांना वेगळे सांगायला नको. अशाच एका दुपारी एका मजुराने घोंगडीची कड उचलून “हाई काय शे, भाऊ?” असे विचारले. तेव्हा स्टिल्बाईटच्या मोतिया पानांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा एक ठिपका लोण्यासारखा पिवळा पेटलेला होता. घोंगडी बाजूला केल्यावर तोच दाणा इतका साधा दिसू लागला की मला त्याची जागा बोटाने धरून ठेवावी लागली.

तरीही केवळ चमकेवर विसंबून मी दोनदा फसलो, कारण काही कॅल्साईटही उजळते. त्यामुळे आता दिव्यानंतर तांब्याची तार घेतो. मोह्स मापनावर कॅल्साईटची काठिण्यता ३ आणि पॉवेलाईटची साडेतीन ते चार असल्यामुळे तांब्याने पॉवेलाईटवर ओरखडा उठत नाही, चाकूने मात्र सहज उठतो. ही परीक्षा तुटलेल्या कणावरच करावी. चांगल्या स्फटिकाच्या अग्रावर चाकू लावणाऱ्याला संग्राहक म्हणवत नाही. स्टिल्बाईटची काठिण्यताही जवळपास तितकीच आहे, म्हणून तेथे वजन उपयोगी पडते. पॉवेलाईटचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.२ तर स्टिल्बाईटचे सुमारे २.२ आहे, सुटा तुकडा पुरेसा मोठा असेल तर तळहातालाच फरक कळतो. शिवाय पॉवेलाईटला स्टिल्बाईटसारखा पापुद्रा सुटत नाही आणि त्याची चकाकी किंचित तेलकट असते.

काढताना छिन्नी स्फटिकापासून किमान वीतभर लांब धरतो आणि मूळ दगडासकटच तुकडा घेतो. आधी टिश्यू पेपर, त्यावर केळीची वाळकी पाने आणि मग पुठ्ठ्याचा डबा, अशी बांधणी करून आजवर यावलच्या खडबडीत रस्त्यांवरही काही फुटलेले नाही. टिश्यू मात्र टाळू नये. पाने थेट लावली तर त्यांची धूळ फटींत शिरते. वर चढलेले कॅल्साईट काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्लात टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण त्या आम्लाने पॉवेलाईटचेही विघटन होते. मी पाणी आणि जुना मऊ ब्रश यांपलीकडे जात नाही.

दिव्याविषयी तक्रारी दोन आहेत. पहिली, सोबत डोळ्यांचा चष्मा दिलेला नव्हता, आणि शॉर्टवेव्ह प्रकाश डोळ्यांना व त्वचेला इजा करतो. पॉलिकार्बोनेटचा चष्मा मला वेगळा घ्यावा लागला. दुसरी, सहाव्या महिन्यापासून उजेड मंद वाटू लागला. सेल बदलून पाहिले, फरक पडला नाही. या दिव्यांचे, दृश्य प्रकाश अडवणारे फिल्टर वापराने हळूहळू निकामी होतात, हे घेताना कोणी बोलले नव्हते. मी घरी डिसेंबरातला एक नमुना तुलनेसाठी ठेवला आहे आणि दर महिन्याला तेवढ्याच अंतरावरून त्यावर दिवा धरतो. तो काचेच्या डब्यातून बाहेर काढूनच पाहावा लागतो, कारण साधी काच हा प्रकाश अडवते. हे लक्षात येईपर्यंत मी एक संध्याकाळ दिवाच बिघडला असे समजून घालवली होती. आषाढातल्या तपासणीत तो नमुना उजळला, पण डिसेंबरात हातभर अंतरावरून जेवढा दिसत होता तेवढा दिसायला आता वीतभरावर यावे लागते. बदली फिल्टरची मागणी नोंदवली आहे. तो बसेपर्यंत सावद्याची फेरी थांबवली आहे.