गुन्हेगारीशास्त्र, फॉरेन्सिक की वकिली?

'क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीशास्त्र) करायचंय' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर तपास करायचा असतो. तपास पोलीस करतात. फौजदार व्हायला एमपीएससी द्यावी लागते आणि तिला कुठल्याही शाखेची पदवी चालते. त्यासाठी एम.ए.ची दोन वर्षं घालवू नका.

मुंबईच्या टिसमधलं (टाटा समाजविज्ञान संस्था) 'क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस' हे मुळात सोशल वर्कचं एम.ए. आहे. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून, पदवी कुठलीही. इथला खरा अभ्यास फील्डवर्कमध्ये होतो. २०२२ अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. जामीन मंजूर झालाय, पण जामीनदार मिळत नाही म्हणून माणूस आतच. अशा वेळी त्याच्या गावी फोन लावायचा, घरच्यांकडून कागदपत्रं मागवायची, वकील कोण आणि पुढची तारीख कधी ते शोधायचं. टिसचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत असंच काम करतोय. नंतर नोकरी मिळते ती बहुधा संस्थांमध्ये किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात, तीही अनेकदा कंत्राटी. घरी पगाराची घाई असेल तर हे आधीच बोलून घ्या.

फॉरेन्सिकचा, म्हणजे पुराव्यांच्या शास्त्रीय तपासणीचा, पिंडच वेगळा. एम.एस्सी.ला विज्ञानाची पदवी हवी. कला शाखेवाल्यांनी हा विषय इथेच सोडावा. मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला शासकीय संस्था आहेत. गांधीनगरचं फॉरेन्सिक विद्यापीठ २०२० मध्ये राष्ट्रीय झालं आणि त्याचा एक कॅम्पस गोव्यातही आहे. आरोपीशी गाठ जवळपास पडतच नाही. मुद्देमालाचं पाकीट येतं; लाखेचं सील नमुन्याशी जुळतंय का ते आधी बघायचं, मग तपासणी, अहवाल आणि कधीतरी साक्षीचं समन्स. मागणी मात्र वाढणार असं दिसतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) सात वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञ जाणं बंधनकारक होणार आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे.

वकिलीबद्दल थोडक्यात: पदवीनंतर तीन वर्षं, पण सनद (वकिलीचा परवाना) हातात राहते आणि सरकारी वकिलीची वाट उघडते. बऱ्याच विद्यापीठांत एलएल.बी.ला गुन्हेगारीशास्त्र ऐच्छिक विषय म्हणून घेता येतं. कला शाखेतून आलेल्या आणि अजून घोळात असलेल्या मुलांना मी हेच सुचवतो. टिसचं एम.ए. त्यानंतरही करता येतं.