चीनची भिंत: बादालिंगहून पाहावी की मुत्येन्यूहून?

बीजिंगला जाणाऱ्याचं भिंत बघायचं ठरलेलंच असतं. अडतं ते कुठल्या टप्प्यावर जायचं इथे. मी दोन्हीकडे जाऊन आलोय, दोन्ही वेळा सत्तरीतली आई सोबत होती.

जाण्यायेण्याची सोय बघाल तर बादालिंग उजवं. २०१९च्या डिसेंबरात वेगवान रेल्वे तिथवर पोचली. स्टेशन जमिनीखाली शंभर मीटरहून खोल आहे. वर आणणाऱ्या लांबच लांब सरकत्या जिन्यांचं आईला फार अप्रूप वाटलं. भिंतही रुंद, भक्कम. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आले तेही इथेच. तिकीट मात्र पासपोर्टवर आधीच काढून ठेवा. दिवसाला ६५,००० माणसांची मर्यादा आहे.

मर्यादाच ६५,०००! मला नडली ती हीच गर्दी. उभ्या चढावर आईचे गुडघे बोलायला लागले, पण थांबायची सोय नव्हती. कठड्याला टेकलं की मागून रेटा यायचा, बुरुजाच्या अरुंद दारात तर दोन्हीकडून माणसं अडकलेली. ‘जरा दम घेऊ दे रे,’ ती दोनदा म्हणाली आणि दोन्ही वेळा मला तिला पुढे न्यावं लागलं. ते अजून मनात आहे.

मुत्येन्यू गाठणं कटकटीचं, हे कबूल. आम्ही गाडी ठरवून गेलो. खालून शटल बस, मग रोपवे, तो थेट चौदाव्या बुरुजापाशी सोडतो. सहाव्या बुरुजाकडची खुर्च्यांची लिफ्ट आणि घसरगाडी वेगळ्या कंपनीची, त्यामुळे एकीकडून चढून दुसरीकडून उतरायचं असेल तर परतीचं तिकीट काढू नका. आम्ही रोपवेनेच उतरलो.

वर मात्र निवांत होतं. इथे भिंतीच्या दोन्ही अंगांना दातेरी कठडे आहेत आणि खाली दाट झाडी. आई बुरुजाच्या पायरीवर बसली, डब्यातली दशमी-चटणी काढली आणि अर्धा तास नुसती समोरच्या डोंगरांकडे बघत राहिली. कुणी ‘सरका’ म्हणालं नाही.

आम्ही गेलो ते दोन्ही दिवस कामाचे होते. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, त्यांच्या राष्ट्रीय सुट्टीत, दोन्हीकडे जाऊच नये. हाताशी अर्धाच दिवस असेल, पाय तरणे असतील तर बादालिंग करा, वाईट नाही. घरातलं वडीलधारं माणूस बरोबर असेल, तर गाडीचे जास्तीचे पैसे मोजून मुत्येन्यूलाच न्या, आणि सकाळी लवकर निघा.