बसून चालवायचा मोअर: गवताचा अख्खा हंगाम काढल्यावर

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी तो आधीच सांगून टाकतो. ४२ इंची डेक (पाती ज्याखाली फिरतात ते पत्र्याचं कवच), दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारं, ट्रान्समिशन असलेला लॉन ट्रॅक्टर, म्हणजे बसून गवत कापायचं यंत्र, पूर्ण हंगामभर वापरला. काम चोख करतो. पुन्हा घ्यायची वेळ आली तर याच जातीचा घेईन, पण हेच मॉडेल नाही. ज्या इंजिनाचा आकडा बॉनेटवर सगळ्यात ठळक छापलेला असतो त्याने कधी कुरकुर केली नाही. वेळ खाल्ला तो डेकने, काळजी लावली ती ट्रान्समिशनने. आणि विकणारा या दोघांबद्दल अवाक्षर काढत नाही.

आमचं आवार मोठं आहे, पण त्यातलं कापायचं गवत साधारण सव्वा एकर. पुढचा भाग सपाट, मागे बऱ्यापैकी उतार, आणि एका अंगाला झाडं अशी लावलेली की दोन झाडांमधून सरळ रेषेत जाताच येत नाही. ढकलायच्या मशीनने हे एका दमात होत नाही, म्हणून बसून चालवायचा मोअर पाहायला लागलो.

सपाट, मोकळं आवार असतं तर डोळे झाकून झिरो-टर्न घेतला असता. त्याला स्टिअरिंग व्हील नसतं, दोन्ही हातांत दोन दांडे असतात आणि प्रत्येक मागचं चाक स्वतंत्र फिरतं. जागच्या जागी वळतो, झाडाभोवती गोल फिरतो, वेळ खरंच वाचतो. पण त्याची पुढची चाकं नुसती कॅस्टर असतात, ऑफिसच्या खुर्चीला असतात तशी. वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांच्या पकडीवर. उतारावर, त्यातही ओल्या गवतावर ती पकड सुटली की दिशा आणि ब्रेक एकदमच हातातून जातात. ट्रॅक्टरही घसरतो, तो काही जादूचा नाही, पण निदान पुढची चाकं वळवता येतात. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत कमाल १५ अंश उतार दिलेला असतो, अनेक झिरो-टर्नच्या पुस्तिकेत १० अंशच. १५ अंश म्हणजे शंभर सेंटिमीटर आडवं गेल्यावर साधारण २७ सेंटिमीटर चढ. डोळ्यांना तो मुळीच भयंकर वाटत नाही, म्हणून मोजायचा. लांब सरळ फळी उतारावर ठेवा, तिच्यावर फोन आडवा ठेवून लेव्हलचं ॲप उघडा, आकडा समोर येतो. आमच्याकडे एक पट्टा मर्यादेच्या पलीकडे निघाला. तो आजही ढकलायच्या मशीननेच कापतो, आणि तिथे आडवं चालतो. बसून चालवताना याच्या उलट: वर-खाली, आडवं कधीच नाही.

डेकच्या रुंदीचा हिशेब कागदावर करून बघा, मोह आपोआप कमी होतो. ४२ इंच म्हणजे १०७ सेंटिमीटर. मागच्या पट्ट्यावर दहाएक सेंटिमीटर चढवून कापलं तर हाती ९७ उरतात. ताशी ६ किलोमीटरने तासाला सुमारे ५,८०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास १.४ एकर. वळणं, झाडं, मागे घेणं धरून प्रत्यक्षात एक एकर झालं तरी खूप. ५४ इंची डेक कागदावर त्याच्या पुढे तीस टक्के जातो, पण उंचसखल जमिनीवर रुंद डेकची एक कड उंचवट्याला टेकते आणि तिथलं गवत मातीसकट सोलून निघतं. शिवाय फाटक. ४२ हा आकडा गवत कापण्याच्या रुंदीचा आहे, मशीनच्या नव्हे. बाजूला गवत फेकणारं झाकण बाहेर आलेलं असतं, ते धरून मोजा. फाटकातून जाताना ते वर करता येतं, पण पाती फिरत असताना नाही. तिथून दगड बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

हॉर्सपॉवरचं एकच सांगतो. इंजिनावर लिहिलेली ताकद बहुतेक वेळा ‘ग्रॉस’ असते, एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेच्या जे१९४० या पद्धतीने चाचणीच्या बाकावर मोजलेली. एअर फिल्टर, सायलेन्सर, चार्जिंग, सगळं जोडून मशीनमध्ये बसवल्यावर मिळणारी ताकद त्याहून कमी असते. १८ आणि २० मधल्या फरकासाठी जीव टाकू नका. दोन सिलिंडर मात्र घ्या, हादरे कमी बसतात आणि तासभर बसल्यावर कंबरेला ते कळतं.

आता ट्रान्समिशन. हायड्रोस्टॅटिकमध्ये गिअर बदलायचे नसतात. इंजिन एक पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, ते तेल मोटर फिरवतं, मोटर चाकं. पेडल दाबलं की पंपातल्या तबकडीचा कोन बदलतो आणि वेग वाढतो. झाडांच्या बागेत हे सुख शब्दांत सांगता येत नाही: पाय सैल केला की हळू, उलट दाबला की मागे. पण सगळी ताकद तेलातून जाते आणि तेल तापतं. तापलं की पातळ होतं, पातळ झालं की आतून गळून दाब कमी पडतो. पहिल्या अर्ध्या तासात जो चढ ट्रॅक्टर गुणगुणत चढतो, तोच तासाभरानंतर पेडल पूर्ण दाबूनही रेंगाळत चढतो. इंजिनाचा आवाज तसाच, गवत तसंच, फक्त चाकं आळसावलेली. थंड झाल्यावर पुन्हा ठणठणीत.

सेवा केंद्रातून उत्तर आलं की हे ‘सीलबंद, देखभालमुक्त’ युनिट आहे. अर्थ असा की तेल काढायला बूच नाही, बाहेरून बदलता येईल असा फिल्टर नाही, आणि बिघडलं तर अख्खं बदलायचं. सपाट आवारात ते वर्षानुवर्षं चालेलही. उतार असेल किंवा मागे भरलेली ट्रॉली जोडून चढ चढायचा असेल, तर एक पायरी वरचं युनिट घ्या, ज्याचं तेल आणि फिल्टर बदलता येतो. दुकानात विचारायचा प्रश्न ‘किती एचपी’ हा नसून ‘ट्रान्समिशनचा मॉडेल क्रमांक काय’ हा आहे. ते बहुधा मोअरच्या ब्रँडचं नसतंच, दुसऱ्याच कंपनीने बनवलेलं असतं, आणि मागून वाकून पाहिलं तर त्यावरची पट्टी वाचता येते. विक्रेत्याला क्रमांक सांगता येत नसेल तर स्वतः वाका.

जे हाती होतं त्यावर इलाज एवढाच निघाला की त्या युनिटच्या माथ्यावरचा छोटा पंखा आणि खालचे पत्रे साफ ठेवायचे. सुक्या गवताचा भुसा तिथे गोधडीसारखा बसतो. तो काढल्यापासून चढ बराच सुधारला. उताराचा भाग आता आधी कापतो, सपाट नंतर. याच युनिटला मागच्या बाजूला एक दांडी असते. इंजिन बंद असताना मशीन ढकलायचं तर ती ओढावी लागते, नाहीतर दोन माणसं लावूनही जागचं हलत नाही. पुस्तिकेत हे आहे, पण अशा पानावर की तिथवर कोणी पोचत नाही.

डेकचं दुखणं रोजचं. आतून हिरवा लगदा चिकटतो, वाळून सिमेंट होतो, हवेचा झोत अडतो आणि मग गवत कापलं जाण्याऐवजी आडवं पडून मागे उभं राहतं. डेकवर पाण्याचा पाइप जोडायची तोटी आहे. जाहिरातीत पाती फिरवून दोन मिनिटांत डेक लख्ख होतो. प्रत्यक्षात मधला भाग धुतला जातो, कोपरे तसेच राहतात, आणि पाणी स्पिंडलच्या, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याच्या, बेअरिंगांजवळ जातं ते मला पसंत नाही. मी आता प्लास्टिकच्या खरवडणीने कोरडंच काढतो. किल्ली आणि स्पार्क प्लगची वायर काढल्याशिवाय डेकखाली हात घालायचा नाही, हे घरात सगळ्यांना बजावलंय. पात्याच्या टोकाचा वेग अमेरिकन मानकाने मिनिटाला १९,००० फुटांवर रोखलाय, तरी तो ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जातो.

कापणीत पट्टे दिसायला लागले की लोक पात्यांना दोष देतात. आधी चाकांतली हवा बघा. मागच्या एका चाकात हवा कमी असली तरी डेक तिरका बसतो. हवा समान केल्यावर, सपाट फरशीवर उभं करून डेकची डावी-उजवी बाजू मोजा, फरक तीनेक मिलिमीटरच्या आत हवा. पुढची कड मागच्यापेक्षा किंचित खाली, साधारण ३ ते ६ मिलिमीटर. धार गेली आहे का हे पातं न काढताही कळतं: दोन दिवसांनी गवताची टोकं पांढुरकी, चिरफाळलेली दिसतात. पंचवीसेक तासांच्या कामानंतर धार लावतो. कानशीने लावा नाहीतर ग्राइंडरने, पण नंतर पातं मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून तोल बघाच. एक बाजू जड राहिली तर स्पिंडल हादरून हादरून मरतं. आणि कापताना थ्रॉटल (इंजिनाचा वेग ठरवणारी दांडी) पूर्ण वर. पेट्रोल वाचवायला अर्ध्यावर चालवणाऱ्याला गवतही नीट कापून मिळत नाही आणि हवेने थंड होणारं इंजिनही तापतं.

मल्चिंगचा संच वेगळा घेतला. बाजूचं तोंड बंद होतं, गवताचा बारीक चुरा होऊन तिथेच पडतो आणि त्यातला नायट्रोजन जमिनीला परत मिळतो. उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कापायचं नाही, हा नियम पाळला तर उत्तम चालतो. गवत गुडघ्याकडे सरकलं किंवा ओलं असलं की मागे ओले गोळे टाकत जातो. तेव्हा संच काढून, डेक वर उचलून, दोन फेऱ्यांत कापतो.

सीटखालचा स्विच हा वादाचा विषय आहे. उठलात की इंजिन बंद, हे योग्यच. पण घरातलं हलकं माणूस खडबडीत भागावरून गेलं की क्षणभर उसळतं आणि इंजिन धापा टाकतं. स्विचला तार बांधून तो निकामी करायचा सल्ला जिथे तिथे मिळतो. तो ऐकू नका. सीट पुढे घ्या, वेग कमी करा. मागे घेताना पाती आपोआप बंद पडतात त्याचाही लोकांना राग येतो. किल्ली वेगळ्या खुणेवर फिरवून ती चालू ठेवता येतात, मी मात्र ती सोय वापरत नाही. मागे कोण आहे ते स्टिअरिंगवर बसून दिसत नाही. मुलांना मांडीवर बसवून फेरी मारणाऱ्यांना माझं ऐकायचं नसतं, तेव्हा अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचं सांगतो: बसून चालवायचा मोअर १६ वर्षांखालच्या मुलांच्या हाती नको, आणि सोबत कोणालाही बसवायचं नाही. आवाज तासभर सहन होतो, पण कानांवर मफ चढवाच.

इंजिनाची सेवा साधी. पहिलं ऑइल पहिल्या काही तासांतच बदलायचं, पुढे दर पन्नासेक तासांनी किंवा वर्षाला. एअर फिल्टरच्या बाहेरचा फोम धुऊन वाळवून बसवायचा. गवत वाढत नाही त्या महिन्यांत टाकीत जुनं पेट्रोल ठेवलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसतो, म्हणून ताजं पेट्रोल, त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव), आणि ते आतपर्यंत पोचेल इतका वेळ इंजिन चालू. बॅटरी काढून घरात.

बॅटरीवरचे मोअरही पाहिले होते. आवाज कमी, पेट्रोल नाही, ऑइल नाही. दाट गवतात मात्र एका चार्जमध्ये होणारं काम बरंच घटतं, आणि आमच्या उताराला तीच भीती जास्त. सपाट एकरभर आवार असेल तर आज मी तोच आधी चालवून बघेन.

बारीकसारीक: कप ठेवायची जागा ऐसपैस, पण पेट्रोलची पातळी बघायला खाली उतरून मागे जावं लागतं, हे ज्याने ठरवलं त्याने हा ट्रॅक्टर कधी चालवला नसावा. झाडांच्या बुंध्याभोवती एक कडं उरतं, त्याला ट्रिमर लागतोच. पुढच्या चाकांच्या ग्रीसच्या निपलांना ग्रीसगन नीट लागत नाही, चाक पूर्ण वळवलं की लागते.

पात्यांचा दुसरा जोड घेऊन ठेवा, धार लावायला दिलेल्या दिवशी काम अडत नाही. घेताना फक्त लांबी बघू नका. मधलं भोक काहींत गोल असतं, काहींत पाच टोकांच्या ताऱ्याचं, काहींत सहा टोकांच्या, आणि एकाचं दुसऱ्यावर बसत नाही.