श्रीहरिकोट्याचं रॉकेट आणि सुल्लुरपेटाचं जेवण: सिंदेवाहीच्या खानावळवालीचा अभिप्राय

रॉकेट उडताना पाहायचं असेल तर श्रीहरिकोट्याला जरूर जा. तिथल्या प्रेक्षक-गॅलरीला माझ्याकडून पाचपैकी पाच. जेवणाला साडेचार, आणि अर्धा काहून कापला ते पुढं सांगते. लॉजला दोन, तेही पंखा फिरत होता म्हणून.

पण नुसत्या सहलीचा अभिप्राय द्यायचा असता तर एवढं लिहीत बसले नसते. आमच्याकडे पानठेल्यावर अधूनमधून एक विषय निघतो. "आपल्या भागातबी असा अवकाशतळ झाला पाहिजे. कंपन्या येतीन, टुरिस्ट येतीन, तालुका वर येते का नाही पाहा." मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत खानावळ चालवते. महिन्याचे डबे आहेत, शिवाय दुपारी बसून जेवणारे: पंचायत समितीतले बाबू, बँकेत बदलीवर आलेली पोरं, बांधकामावरचे मिस्त्री. तालुका वर येतो म्हणजे काय, हे मला ताटांवरून कळतं. म्हणून म्हटलं, खरोखरचा तळ जिथं आहे तिथली ताटं पाहून आलेच आहे, तर सांगून टाकावं.

आमच्या तालुक्याचं न् रॉकेटचं नातं आधीचं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आभाळातून जळते गोळे रांगेनं जाताना विदर्भातल्या कितीतरी गावांनी पाहिले आणि आमच्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. आसपास धातूचे गोळेही सापडले. चीनच्या रॉकेटचा तो भाग असावा, असं जाणकार म्हणाले. कडं पोलीस ठाण्यात आणलं तेव्हा गर्दी काय लोटली बाप्पा! पत्रकार, अधिकारी, एकेका मोटरसायकलवर तिघं तिघं पोट्टे. माझ्याकडे भाताचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, दोनदा चढलं. आठवडाभरानं सगळं शांत. महिन्याचे डबे जेवढे होते तेवढेच राहिले.

आम्ही गेलो ते सप्टेंबर २०२३ मध्ये. त्या साली ऑगस्टभर पावसानं दडी मारली होती, शेतकऱ्याच्या हातात पैसा नव्हता, खानावळ मंदच होती. राखी झालेली, पोळ्याला वेळ होता. आदित्य-एल१ सूर्याचा अभ्यास करायला निघणार होता. भाच्यानं इस्रोच्या गॅलरीची ऑनलाइन नोंदणी केली आणि म्हणाला, "मामी, चल. फुकट आहे." फुकट म्हटल्यावर मी जरा संशयानंच पाहिलं, पण खरंच नोंदणीला पैसे नाहीत. ओळखपत्र मात्र सोबत लागतं. गोंदियाकडून येणाऱ्या गाडीनं बल्लारशा, तिथून मद्रासकडली गाडी, गुडूरला उतरून लोकलनं सुल्लुरपेटा. सुल्लुरपेटा म्हणजे बेटाच्या अलीकडचं गाव, आंध्रातल्या तिरुपती जिल्ह्यात. तिथून पुलिकत सरोवरातून बांधलेल्या रस्त्यानं अठराएक किलोमीटरवर श्रीहरिकोटा. दोन्ही अंगांना पाणी न् मधून रस्ता. हिवाळ्यात या पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात म्हणे. त्यांच्यासाठी परत जाईन.

गॅलरी ३१ मार्च २०१९ पासून लोकांना खुली आहे, पाच हजार माणसं बसतील एवढी. पायऱ्या-पायऱ्यांची बैठक, समोर मोठे पडदे, रॉकेटच्या प्रतिकृती. आम्ही बसलो तिथं छत नव्हतं, म्हणून टोपी, पाण्याची बाटली न् ओला दुपट्टा न्याच. २ सप्टेंबरला सकाळी ११ वाजून ५० मिनिटांनी पीएसएलव्ही-सी५७ हे रॉकेट आदित्यला घेऊन उडालं. आधी झाडांच्या वर नुसता उजेड, इतका की बघवत नाही. आवाज मागून येतो, किलोमीटरला तीनेक सेकंद या हिशेबानं, आणि आला की कानांऐवजी छातीत वाजतो. माझ्या बाजूला एक तेलुगू आजी होती, तिनं दोन्ही हात जोडले. मीही जोडले. दीड-दोन मिनिटांत आभाळात धुराची रेघ उरली आणि लोक उठले. आदित्य रॉकेटपासून सुटा व्हायला त्रेसष्ट मिनिटं लागली, तेव्हा आम्ही सरोवराच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत उभे होतो. भाच्यानं मोबाइलवर पाहून सांगितलं आणि अख्ख्या ऑटोनं टाळ्या वाजवल्या. ऑटोवाल्यानं भाडं दुप्पट घेतलं होतं, तरी टाळ्या त्याच्याच जोरात.

लॉजचं थोडक्यात. आदल्या दिवशी फोनवर एक भाव, दारात दुसरा. "उद्या लाँच आहे अम्मा," एवढंच कारण. नळाला सकाळी पाणी नाही, बादली खालून आणायची. चादरीबद्दल बोलत नाही.

आता जेवण. स्टेशनाकडच्या एका गल्लीत घरातच खानावळ आहे, मालकीण माझ्याच वयाची, सगळे तिला अक्का म्हणतात. माझं माहेर राजुऱ्याकडलं, तेलुगू लहानपणापासून कानावरून गेलेली. मोडकंतोडकं बोलले तशी बाईनं मला थेट चुलीपाशी नेलं. केळीचं पान. त्यावर भात, घट्ट शिजवलेलं बिनफोडणीचं वरण न् वर तूप, गोंगुऱ्याची चटणी, माशाचा चिंचेतला रस्सा, मग रसम, शेवटी दही-भात. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच, पण आपण तिला कण्या घालून भाजी करतो न् हे लोक तेलात परतून लाल मिरचीसोबत वाटतात. दोन घासांत घाम फुटतो. भाच्यानं तीनदा मागून घेतली. मासा पुलिकतचा, चिंच नेमकी, मेथीचा किंचित कडवटपणा मागून येणारा. आपल्याकडे तळ्याचा मासा करतात त्यात मसाला जास्त बोलतो. इथं मासा बोलत होता.

भाताबद्दल मी कडक आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी एचएमटी धान शोधलं, आणि आम्ही त्याच तांदळावर वाढलेली माणसं. अक्काचा तांदूळ बारीक, मोकळा, पण वास नाही. तरी भात अचूक शिजवलेला, त्याचे गुण नाही कापले. अर्धा गुण कापला तो रसमसाठी. आदल्या रात्रीचं रसम मिरं-जिऱ्याचं, नाकातून पाणी काढणारं. लाँचच्या दुपारी तेच रसम पातळ. गर्दीला रसम पुरवायचं गणित मला कोणी शिकवायला नको.

दुपारची गर्दी ओसरल्यावर मी अक्काला माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला: लाँचमुळं पोट भरतं का? ती हसली. म्हणाली, लाँचच्या दिवशी भाजी महाग, पोरं जास्तीची लावावी लागतात, आणि लाँच पुढं ढकललं तर शिजवलेलं कोणाच्या गळ्यात घालू? तिचा खरा आधार महिन्याचे जेवणारे. इस्रोच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहती सुल्लुरपेटात आहेत, त्यांच्या बसा रोज बेटावर जातात. कंत्राटी कामगार, वेल्डर, शिकाऊ पोरं, ही तिची माणसं. मग तिनं संध्याकाळी रस्त्यावरून जाणाऱ्या बसा दाखवल्या, खिडक्या-खिडक्यांत दमलेल्या पोरी. मला वाटलं याही रॉकेटवाल्याच. तर नाही. तडाजवळ बुटांचा मोठा कारखाना आहे, तिथल्या त्या कामगार. पलीकडे श्री सिटीत कारखान्यांची रांग. गावाचं नाव रॉकेटनं झालं. बाजारातली पगाराच्या दिवसाची गर्दी मात्र बुटांच्या पोरींचीही तेवढीच, असं अक्काचं म्हणणं.

मी घरी येऊन हिशेब घातला. २०२३ साली श्रीहरिकोट्यातून अवकाशात जाणारी उड्डाणं झाली सात. २०२४ मध्ये पाच. म्हणजे वर्षातले पाच-सात दिवस यात्रा, बाकी दिवस नेहमीचा बाजार. परदेशी उपग्रह उडवण्याचे पैसे न्यूस्पेस इंडिया या सरकारी कंपनीकडे जातात. ते देशाच्या कामी येतातच, पण सुल्लुरपेटाच्या गल्लीत थेट उतरत नाहीत. आणि हे पाच-सात दिवसही पन्नास वर्षांच्या कामानंतरचे. जागा ठरली १९६९ मध्ये, पहिलं छोटं रॉकेट उडालं १९७१ मध्ये. बेटावर आधी यानादी आदिवासी राहत होते, त्यांना हलवलं गेलं. पानठेल्यावर तळ मागणाऱ्यांनी हेही बोलावं. जमीन कोणाची जाईल, ते कधी कोणी बोलत नाही.

भाचा म्हणे, अमेरिकेत तर लोकांनी स्वतःवर कर लावून घेऊन तळ बांधला. खरं आहे. न्यू मेक्सिको राज्यात, वाळवंटात. २००७ मध्ये एका जिल्ह्यातल्या लोकांनी मतदान करून विक्रीकर वाढवून घेतला, दुसऱ्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यानं. बावीसेक कोटी डॉलर लागले. मुख्य भाडेकरू व्हर्जिन गॅलॅक्टिक, प्रवाशांना अवकाशाची सफर घडवणारी कंपनी. तिच्या गिऱ्हाइकांची उड्डाणं सुरू झाली जून २०२३ मध्ये, आणि जून २०२४ मध्ये नवीन यान बांधायचं म्हणून थांबली. सोळा वर्षं कपडालत्ता घेताना जादा पैसे मोजणाऱ्या बायांना काय वाटलं असेल, हे त्या जिल्ह्यातल्या एखाद्या खानावळवालीनं लिहिलं तर मी दहादा वाचीन.

आमच्याकडे याचाच लहान भाऊ आहे, ताडोबा. वाघ पाहायला जग येतं. पण गाडी नागपूर विमानतळावरून थेट रिसॉर्टच्या फाटकात, जेवण आत, झोप आत. आमच्या गावांतल्या गाइडला, जिप्सीवाल्याला, रिसॉर्टात काम करणाऱ्या पोरींना रोजगार मिळतो, तो मी कमी लेखत नाही. पण पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद झाला की त्यांच्यातलेच दोघंतिघं माझ्याकडे उधारीचा डबा लावतात.

आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे असा तळ होणारच नाही. रॉकेटचे खालचे टप्पे जळून झाले की गळून पडतात. ते समुद्रात पडावेत म्हणून तर सगळा खटाटोप किनाऱ्यावर. नवा तळही तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला होतोय, २८ फेब्रुवारी २०२४ ला पायाभरणी झाली, कारण तिथून दक्षिणेकडे सरळ उडता येतं, श्रीहरिकोट्यासारखा श्रीलंकेला वळसा घालावा लागत नाही. सिंदेवाहीतून उडवलं तर टप्पे पडतील कुठं? गडचिरोलीत? छत्तीसगडात? एक परकं कडं पडलं तर लाडबोरी रात्रभर जागी होती.

पानठेल्यावरच्या मंडळींना एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती, ती मी सांगितली. रॉकेटचं काम विदर्भात आलेलंच आहे. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीच्या विक्रम-१ रॉकेटचं कलाम-१०० हे इंजिन २०२२ मध्ये नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज या दारूगोळा बनवणाऱ्या कंपनीत पेटवून तपासलं गेलं. तिथं पाहायला गॅलरी नाही, पण फाटकाबाहेर रोजचे जेवणारे आहेत. अर्थात दारूगोळ्याचं काम जोखमीचं. याच कंपनीच्या बाजारगावच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ ला स्फोट होऊन नऊ जीव गेले. तेव्हा मागायचंच असेल तर आमच्या आयटीआयतल्या पोट्ट्यांना असल्या कारखान्यांत लागतं ते वेल्डिंग न् मशीनकाम नीट शिकवा, आणि कामाच्या जागी सुरक्षा मागा. यात्रेची गर्दी मागून माझं गंज दोनदा चढंल, बस.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं. परतीचं तिकीट लाँचच्या रात्रीचं काढू नका. डिसेंबर २०२४ मध्ये इथूनच युरोपचा प्रोबा-३ हा जुळा उपग्रह उडणार होता तो ४ तारखेला, तासाहून कमी वेळ उरला असताना थांबवला, कारण यानातच काही बिघाड दिसला. दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजून ४ मिनिटांनी उडाला. बातमी वाचली तेव्हा मला आधी अक्काचं आदल्या दिवशीचं शिजलेलं अन्नच दिसलं. अशी जादा रात्र काढावी लागली तर सुल्लुरपेटात भाव विचारत फिरण्यापेक्षा लोकल पकडून गुडूर गाठा. जेवून मात्र अक्काकडेच निघा, आणि लाँचच्या दुपारी नाही, आदल्या रात्री.